आकाशदीप आणि भूतपतंग

कार्तिकात काशीला गेलेल्यांनी पंचगंगा घाटावरचे आकाशदीप पाहिले असतील. उंच बांबूंच्या टोकांना विणलेल्या करंड्या टांगलेल्या असतात. दिवेलागणीला त्या दोरीने खाली घेऊन त्यांत दिवा ठेवायचा आणि पुन्हा वर चढवायचा. पितरांना परलोकीच्या वाटेवर उजेड मिळावा, हा त्यामागचा भाव. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभही याच घाटावर आहे, त्यामुळे मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही.

गेल्या कार्तिकात वडिलांच्या अस्थी घेऊन मी काशीला गेलो होतो. विधी आटोपल्यावर सायंकाळी नावेत बसलो. वर टांगलेल्या दिव्यांभोवती पतंगांची झुंबड उडाली होती. नावाडी म्हातारा होता. तो म्हणाला, हे किडे नव्हेत, आपला दिवा लागला की नाही हे पाहायला आलेले पितर आहेत. मी सरकारी नोकरीतला माणूस, कागदावर न आलेली गोष्ट खरी मानण्याची मला सवय नाही. तरी त्या वेळी मी काही बोललो नाही.

दिव्यावर झेपावणारा पतंग आपल्या वाङ्मयात फार जुना आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विराट रूपाच्या मुखांत शिरणाऱ्या वीरांना त्याचीच उपमा दिली आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतही पतंग आहे. रूपाच्या मोहाने डोळे कसे नाशाला नेतात, हे तो शिकवतो. या स्कंधावरची एकनाथांची मराठी टीका पैठणला सुरू झाली आणि १५७३ साली वाराणसीतच पूर्ण झाली. तेव्हा पतंगाची ही निंदा निदान मराठीपुरती काशीशी बांधलेली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

निंदा म्हणतो, कारण या आरोपातून पतंग आता बराचसा सुटला आहे. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील संशोधकांनी वेगवान छायाचित्रणाने दिव्याभोवतीचे कीटक न्याहाळले आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री पृथ्वीवर उजळ बाजू म्हणजे आकाश, आणि उडणारा कीटक उजेडाकडे पाठ ठेवून स्वतःला सावरतो. लक्षावधी वर्षे हा हिशेब बरोबर होता. माणसाने दिवा लावला आणि आकाश भलत्याच ठिकाणी आले. बिचारा पतंग त्या खोट्या आकाशाकडे पाठ करीत राहतो आणि त्याच्याभोवतीच गिरक्या घेतो. त्याला ज्योतीचा मोह नसतो, त्याची दिशाभूल झालेली असते.

मृताचा जीव पंख लावून येतो, ही कल्पनाही काशीपुरती नाही. ग्रीक भाषेत आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द होता. युरोपात तर पतंगांच्या एका जातीला भुताचेच नाव मिळाले आहे, आपण तिला भूतपतंग म्हणू. लिनियसने १७५८ साली तिची शास्त्रीय नोंद केली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिचे पांढरेशुभ्र नर गवतावर एकाच जागी, अदृश्य दोरीला टांगल्यासारखे, पुढे-मागे झुलत राहतात. माद्या पिवळसर असतात. त्यांना बोलावण्यासाठी हा सारा खेळ चाललेला असतो. दलदलीच्या कुरणावर सांजवेळी पांढरे काही तरंगताना दिसल्यावर खेडुतांना भूत आठवले, यात नवल नाही.

या कुळात सहाशेहून अधिक जाती आहेत आणि पतंगांच्या वंशवृक्षावरची ही एक फार जुनी फांदी आहे. प्रौढ भूतपतंग काहीही खात नाही, कारण त्याला कामाचे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो, संतती मागे ठेवतो आणि संपतो. कित्येक जातींच्या माद्या उडता उडता अंडी पेरीत जातात. ऑस्ट्रेलियातील एका मादीने २९,१०० अंडी घातली आणि तिच्या पोटात आणखी १५,००० निघाली, अशी नोंद आहे. हजारोंनी अंडी घालावी लागतात यावरूनच त्यांतली किती थोडी जगत असतील ते कळते.

आपल्या सह्याद्रीतही हे कुळ नांदते. सागाची कोवळी रोपे पोखरणारी एक अळी वनखात्याच्या लोकांना चांगली ठाऊक आहे. बुंध्यात ती बोगदा करते आणि त्याच्या तोंडावर सालीचे तुकडे रेशमाने गुंफून झाकण घालते. नॉर्मन टिंडेल या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९४१ साली तिच्या प्रजातीला ‘सह्याद्रॅसस’ हे नाव दिले. काशीच्या मागावर ज्यांचे रेशीम चढते त्यांचे कौतुक सगळेच करतात, या रानटी विणकराचे नाव मात्र फक्त रोपवाटिकेतल्या तक्रारींत येते.

या कुळाशी माझी ओळख झाली ती पुस्तकातून नव्हे. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात एका परिचिताने पिठोरागडकडून कीडाजडी आणवली. पाच काड्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या. किंमत सांगत नाही, पण या वस्तूचा भाव लोक सोन्याच्या जोडीने बोलतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तीन काड्या दुधात उगाळून दिल्या. गुण आला नाही. उरलेल्यांपैकी एक काडी पुढे मी भिंगाखाली धरली. ती मुळी नव्हती, अळी होती. तिचे पाय मोजता येत होते आणि डोक्यातून एक तपकिरी कोंब उभा होता.

ती भूतपतंगाची अळी. हिमालयातील उंच कुरणांत ती काही वर्षे मातीखाली मुळे खाऊन वाढते. त्या अवधीत एक बुरशी तिच्या देहात शिरते आणि आतून तिला खाऊन टाकते. उरते ती कडक साल. बर्फ वितळू लागले की अळीच्या डोक्यातून बुरशीचा कोंब जमिनीवर येतो. तिबेटी नावाचा अर्थच हिवाळ्यात कीड, उन्हाळ्यात गवत असा आहे.

भागवतातला शेवटचा गुरू या ठिकाणी आठवतो. कुंभारीण माशी अळीला घरट्यात कोंडते आणि भयाने तिचेच ध्यान करता करता अळी माशी होते, असा तो दृष्टांत आहे. प्रत्यक्षात माशी त्या अळीला आपल्या पिलांचे अन्न म्हणून कोंडते. हे कळल्याने दृष्टांत खोटा ठरत नाही, त्याचे काम निराळे आहे. पण कीडाजडीच्या व्यापारात दृष्टांतालाच औषध म्हणून विकले जाते: मेलेल्यातून उगवलेले, म्हणून मरणाऱ्याला उठवणारे. १९९३ साली चीनच्या महिला धावपटूंनी विक्रम मोडले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने श्रेय हिला दिले आणि मागणी भडकली. त्याच धावपटूंच्या नावाचे एक पत्र २०१६ साली प्रसिद्ध झाले. बंदी असलेली औषधे आपल्याला सक्तीने दिली जात, अशी त्यात तक्रार होती. त्याच वर्षी चीनच्या औषध-नियामकांनी कीडाजडीतील सोमलाबद्दल इशाराही दिला. तिच्या गुणांची निर्णायक सिद्धता अजून झालेली नाही.

मे-जूनमध्ये धारचूला भागातली खेडीच्या खेडी कुरणांवर चढतात, माणसे पोटावर सरपटत कोंब शोधतात. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. त्या चार आठवड्यांच्या मिळकतीवर पुष्कळ घरांचे वर्ष निघते. अडचण अशी की कोंब आखूड असतानाच भाव जास्त, म्हणून बुरशीचे बीज उधळण्याआधीच तो खणला जातो. त्यातच हिवाळे उबदार होत चालले आहेत. २०२० साली ही बुरशी जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली गेली.

त्या पाचांतल्या उरलेल्या दोन काड्या मी काशीला बरोबर नेल्या होत्या. गंगेत सोडाव्यात असे मनात होते. नावाड्याने विचारले, हे काय आहे? मी सांगितले, पतंगाचे पिलू आहे, डोंगरातले. त्याने एक काडी तळहातावर घेऊन दिव्यापाशी धरली, बराच वेळ उलटसुलट पाहिली, आणि म्हणाला, मग याच्यासाठी दिवा कोणी लावला असेल?