अर्धांगवायू : गुठळी की रक्तस्राव?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी आरोग्यावर बोला म्हटल्यावर मी म्हणालो, "अहो, मी सिग्नलवाला, डिप्लोमा इंजिनीअर. डॉक्टरांना बोलवा." ते म्हणाले, "बाबांच्या वेळी जे पाहिलंत तेवढंच सांगा." म्हणून उभा आहे. वैद्यकीय माहिती मी डॉक्टरांना विचारून आणि वाचून घेतली आहे. चुका झाल्या त्या मात्र माझ्या स्वतःच्या आहेत.

2019 चा डिसेंबर. सकाळी साडेसहाला बाबांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. मी कुठेतरी ऐकले होते की अशा वेळी ॲस्पिरिन दिले की रक्त पातळ होते आणि माणूस वाचतो. घरात गोळी होती. मी ती चुरून पाण्यातून बाबांना पाजली आणि मग गाडी शोधायला धावलो.

दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त गार्ड होते. त्यांचेही तोंड तसेच वाकडे, तोच उजवा हात लुळा, बोलणे तसेच अडकलेले. कॉलनीतले लोक भेटायला यायचे आणि दोघांकडे पाहून एकच म्हणायचे, "लकवा मार गया." मलाही वाटले, रोग एकच.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांच्या सीटी स्कॅनच्या फिल्म दिव्यासमोर धरल्या. बाबांच्या मेंदूत पांढरा डाग होता. ते सांडलेले रक्त. गार्डकाकांच्या फिल्ममध्ये काळपट भाग होता. तिथे रक्त पोहोचलेच नव्हते. एकाची रक्तवाहिनी फुटली होती, दुसऱ्याची गुठळीने बुजली होती.

सिग्नल खात्यातल्या मित्रांना हे लगेच कळेल. पॅनेलवर ट्रॅक सर्किट लाल दिसले, तर रुळावर गाडी उभी असेल, रूळ तुटला असेल किंवा वायर निघाली असेल. पॅनेलवरचा लाल रंग तोच. म्हणून आपण जागेवर जाऊन पाहतो, खुर्चीत बसून अंदाज करत नाही. मेंदूचेही तसेच आहे. रक्तस्रावात डोके फार दुखणे, उलटी होणे, शुद्ध हरपणे हे जास्त दिसते. पण नेहमी नाही. नुसते बाहेरून पाहून अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत.

जगभरातल्या नव्या रुग्णांत साधारण दहातल्या सहा जणांना गुठळीचा झटका असतो, उरलेल्यांना रक्तस्रावाचा. गुठळी बहुधा मधुमेह, तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी खराब झालेल्या वाहिनीत होते, किंवा ठोके अनियमित पडणाऱ्या हृदयातून वाहत येते. रक्तस्रावाचे मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब. रक्तस्राव जास्त जिवावरचा. त्यात पहिल्या महिन्यात शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावतात.

उपचार तर एकमेकांच्या उलट. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देतात, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बुजली असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही तार घालून गुठळी काढता येते, पण अशी सोय मोठ्या रुग्णालयांतच असते. रक्तस्रावात हेच इंजेक्शन जीव घेईल. तिथे रक्तदाब लवकर खाली आणायचा असतो. गुठळीत मात्र तोच दाब एकदम उतरवला तर उपाशी मेंदूला मिळत असलेले थोडे रक्तही कमी होते.

हा फरक जिवंत माणसात, कवटी न उघडता दाखवणारे यंत्र बनवले ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनीअरने. 1971 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले आणि 1979 मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. हाउन्सफील्डकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, डिप्लोमा होता. इथल्या डिप्लोमावाल्यांनी टाळी वाजवायला हरकत नाही.

आता माझी गोष्ट पुरी करतो. डॉक्टरांनी विचारले होते, "घरी काही दिलंत का?" मी क्षणभर गप्प राहिलो. खोटे बोलावेसे वाटले. मग सांगितले, "ॲस्पिरिन." ते रागावले नाहीत. म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." बाबा नवव्या दिवशी गेले. त्या एका गोळीने किती बिघडवले हे कोणीच सांगू शकत नाही, असे डॉक्टर पुढे म्हणाले. पण आधी महिनाभर बाबांनी बीपीची गोळी बंद केली होती, कारण "आता बरं वाटतंय". ते मला माहीत होते, आणि मी काही बोललो नव्हतो.

गार्डकाकांकडे वेगळीच चूक झाली. रात्री दहाला ते ठीक झोपले आणि सकाळी उठले तेव्हा हात हलेना. घरच्यांना वाटले, झोपेत हात दबला. दुपारपर्यंत तेल चोळले. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. काका वाचले, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात मात्र परत आला नाही. मोठी वाहिनी बुजली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. गाडी पाच मिनिटे लेट झाली तरी आपण रजिस्टरात कारण लिहितो. इथे सहा तास तेल चोळण्यात गेले.

म्हणून चार गोष्टी घरी लिहून ठेवा.

1. हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडे, हात खाली, बोलणे अडखळते, यातले एकही दिसले तर निघा. पाच मिनिटांत आपोआप बरे झाले तरी दवाखाना चुकवू नका, तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

2. वेळ लिहा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ते डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

3. ॲस्पिरिन नाही, जिभेखाली बीपीची गोळी नाही, पाणी-चहा नाही. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जाते. मात्र डॉक्टरांनी आधीच रोजची ॲस्पिरिन लावली असेल तर माझे भाषण ऐकून ती बंद करू नका.

4. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. असा दवाखाना कोणता, हे आजच चौकशी करून ठेवा. आणि सुरुवातीचा स्कॅन "नॉर्मल" आला म्हणून घरी आणू नका. रक्त लगेच दिसते, गुठळीचा परिणाम फिल्मवर दिसायला तास लागतात.

2023 मध्ये रात्रपाळीला माझ्या एका सहकाऱ्याचे तोंड माझ्यासमोर वाकडे झाले. मी घड्याळ पाहिले, 11 वाजून 20 मिनिटे. कुणीतरी पाणी आणले, ते मी परत पाठवले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, आणि एक वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन सुरू झाले. ते दीड महिन्यात ड्युटीवर आले. आज ते या सभागृहात बसले आहेत. नाव सांगणार नाही, नाहीतर प्रसादाच्या रांगेत सगळे त्यांनाच हसून दाखवायला सांगतील.

शेवटी एकच विनंती. दोन्ही झटक्यांचे मोठे समान कारण रक्तदाब आहे, आणि तो दुखत नाही. आरतीनंतर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा, "आजची गोळी घेतली का?" मी तो विचारला नव्हता.



॥ गणपती बाप्पा मोरया ॥