शिवणीत मुरलेलं पाणी: जुन्या गाडीला सीम सीलर कोणता आणि कसा लावायचा

चितेगावातून, आपल्या पैठण रोडवरून बोलतोय. जुनी गाडी घेऊन ती नव्यासारखी करायचं वेड तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आहे, हे मेसेजवरून कळतंच. सगळे विचारतात कलरबद्दल. आज मी बोलणार आहे कलरच्या खाली काय असतं त्याबद्दल, म्हणजे सीम सीलरबद्दल.

सीम म्हणजे शिवण. गाडीची बॉडी एका अखंड पत्र्याची नसते. एका पत्र्यावर दुसऱ्याची कड ठेवून ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगचे टाके मारलेले असतात. दोन टाक्यांच्या मधे केसाएवढी फट राहतेच. दिव्याची वात तेल ओढते ना, तशी ही फट पाणी ओढते. आत गेलेलं पाणी लवकर वाळत नाही आणि पत्रा आतून सडत जातो. ही फट बंद करणारा, वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहणारा मसाला म्हणजे सीम सीलर.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात पाऊस तो केवढा! खरंय. पण जुन्या गाड्या येतात कुठून? बऱ्याचशा मुंबई-कोकणाकडून, म्हणजे खारी हवा खाऊनच येतात. प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. कुर्ल्यात बनलेली गाडी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली आणि तिची आठवण सगळ्यांनाच आली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. पद्मिनीला नाही. तिची पत्र्याची पेटी हीच तिची चासी. म्हणजे फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली, की गाडीचा कणाच सडला.

मागच्या वर्षी एक पोरगा अशीच पद्मिनी घेऊन आला. वरून चकाचक. मॅट उचलली तर शिवणीवर ताज्या सीलरचा जाड थर. तो थर पापुद्र्यासारखा हातात आला, कारण खाली तो पत्र्याला नाही, गंजाला चिकटला होता. ड्रायव्हर सीटचे बोल्ट जिथे बसतात तिथे पेचकस दाबला, तर आरपार! जोरात ब्रेक लागला असता तर सीट जागेवर राहिली असती का? विकणाऱ्याने काम केलं होतं, पण झाकायचं.

म्हणून पहिला नियम: सीलर गंज थांबवत नाही. तो फक्त नवं पाणी अडवतो. सडलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी आतल्या कडांना झिंकवाला वेल्ड-थ्रू प्रायमर मारायचा. सीलर वेल्डिंगनंतरच, नाहीतर तो जळतो आणि टाकाही कच्चा राहतो. मग शिवण वायर ब्रशने उघडी करायची, पॉलिश पेपर मारायचा, तेलकटपणा पुसायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा आणि त्यावर सीलर. उघड्या पत्र्यावर सीलर लावायचा नाही.

आता निवड. सगळ्यात जास्त चालतो तो पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. एका ट्यूबमध्ये येतो, स्वस्त पडतो, छान ताणला जातो. पण तो हवेतल्या ओलाव्यावर पिकतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा एवढी कोरडी, की वर साय धरते आणि आत कच्चंच राहतं. त्यामुळे जाड थर एकदम भरू नका, वेळ द्या. ट्यूब तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आतच घट्ट होते.

दुसरा एमएस पॉलिमर. थोडा महाग, पण आक्रसत नाही आणि त्यावर कलर लवकर मारता येतो. तिसरा दोन भाग मिसळायचा सीलर. त्याला हवेतला ओलावा लागत नाही, पटकन पिकतो. पण मिसळल्यावर हातात मिनिटंच असतात.

जागा बघूनही ठरवा. छतावरच्या पन्हळीत आपोआप सपाट होणारा. उभ्या शिवणीवर न ओघळणारा. मॅटखाली ब्रशने मारायचा. कुठलाही घेतला तरी डब्यावरचं वाचा: कशावर लावायचा, किती वेळाने कलर.

लावताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, गन एका लयीत पुढे, बोटाने किंवा ब्रशने दाबून फटीत बसवायचा आणि साय धरायच्या आत टेप काढायची. हातमोजे घाला. पीयू असेल तर शेडची दारं उघडी ठेवा, आणि फवारून मारणार असाल तर योग्य मास्कशिवाय नकोच.

आता काय वापरायचं नाही. बाथरूमचं सिलिकॉन नको. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि पत्रा खातं. शिवाय सिलिकॉनवर कलर धरत नाही, डोळे पडतात. पुट्टीही नको. गाडी खड्ड्यात हलली की पुट्टीला तडा जातो आणि तडा म्हणजे पाण्याला नवी वाट.

आणि दाराच्या तळाची, दाराखालच्या पट्टीची बारीक भोकं कधीच बुजवू नका. ती पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. सगळं बंद करणं म्हणजे पाणी आत कोंडणं.

गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च घ्या. मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी काढा, दाराची खालची कड बघा. कंपनीचा सीलर एकसारख्या रेषेत असतो. एकाच कोपऱ्यात ताजा, जाड, ओबडधोबड थर दिसला तर विचारा, खाली काय आहे? मालक "दाबून बघू नका" म्हणाला, तर सरळ उठून चालू लागा.

तुमच्या गाडीच्या शिवणीचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. तोवर कलरवाल्याकडे जायच्या आधी एकदा मॅट उचला.