अंगणवाडीतील दोन तास

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी किती जणांची मुले वा नातवंडे अंगणवाडीत गेली, असे मी विचारले, तर फारसे हात वर होणार नाहीत. माझाही होणार नाही. आजच्या विषयाचा प्रारंभ या कबुलीपासूनच केला पाहिजे.

अंगणवाडीची कल्पना आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वनवासी मुले शाळेत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. मॉन्टेसरीचे तत्त्व स्वीकारले, पण महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे हाती घेतले. स्वदेशीचा याहून सुंदर पाठ कोणता?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषणविषयक शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा तेथून मिळतात. भुकेल्या बालकाच्या मुखी घास घालणे हे पुण्यकर्मच होय. परंतु वजने, आहारवाटप, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि भ्रमणध्वनीवरील नोंदी यांत सेविकेचा दिवस सरतो. यांतील एखादे काम राहिले तर वरून विचारणा होते. गोष्ट सांगायची राहिली, तर कोणीही विचारत नाही. म्हणून सर्वप्रथम शिक्षणालाच कात्री लागते.

धोरणात आता उणीव नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ च्या आराखड्याने पंचकोश विकासाची आपली संकल्पना स्वीकारली. २०२३ च्या 'पोषण भी, पढाई भी' उपक्रमाने प्रत्येक बालकाला रोज किमान दोन तास उत्तम पूर्वशालेय शिक्षण मिळावे असे ठरवले, आणि २०२४ मध्ये त्यासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आला. प्रश्न एवढाच उरतो, की हे दोन तास मुलांच्या पदरी खरोखर पडतात का?

दोन तास म्हणजे पाटी-पेन्सिल नव्हे. तीन वर्षांच्या बोटांना आधी माती मळू द्या, मणी ओवू द्या. कानांना गाणी आणि घरच्या बोलीतल्या गोष्टी ऐकू द्या. अक्षर त्यामागून येते. तरीही पालक सेविकेकडे 'एबीसीडी'चा आग्रह धरतात. हा आग्रह त्यांनी कोठून घेतला? आपल्या घरांतून. आपण नातवाला इंग्रजी नर्सरीत घालतो आणि सभेत मातृभाषेचा गौरव करतो. धुणीभांडी करणारी माउली आपले भाषण ऐकत नाही, आपले आचरण पाहते.

मग आपण काय करावे? शासनाचे उत्तरदायित्व शासनाकडेच राहिले पाहिजे. तथापि समाजाने हात झटकू नयेत. पहिली गोष्ट, ग्रामसभेत आणि पर्यवेक्षिकेकडे आग्रह धरावा, की या दोन तासांत सेविकेला बैठका व सर्वेक्षणांसाठी बोलावू नये. दुसरी, प्रत्येक शाखेने वा मंडळाने एक अंगणवाडी आपली मानावी. वर्षातून एकदा खाऊवाटप आणि छायाचित्र नको. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच आजी गोष्ट सांगायला यावी, कारण मुलांचा जीव ओळखीच्या माणसावर जडतो. तिसरी, जाण्यापूर्वी सेविकेला विचारावे, ''ताई, काय हवे?'' उपदेश करू नये. ती आजही मानधनावर काम करते. तिला उपदान मिळावे यासाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. आपण तिला 'शिक्षिका' म्हणू लागलो, तरी पुष्कळ होईल.

मित्रहो, जेथे आपण आपले मूल पाठवणार नाही, ते ठिकाण दुसऱ्याच्या मुलासाठी पुरेसे आहे असे मानणे ही समरसता नव्हे. ज्या अंगणवाडीत आपले नातवंड निःशंकपणे पाठवता येईल, अशी एक तरी अंगणवाडी आपल्या वस्तीत उभी करू या. मग तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल, तेव्हा आपले हात संकोचाने खाली राहणार नाहीत.