बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेचें नांव मुंबईकरांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्या एका बाटलीमुळें हाफकिन यांचें आयुष्य उलटेंपालटें झालें, तिची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन यांनीं प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंतून ती देशभर जाऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं ज्या १९ जणांस ५३-एन या एकाच बाटलींतील लस मिळाली, ते सर्व धनुर्वातानें दगावले. बाकीचे सुखरूप राहिले. दगावलेले लोक आजारी नव्हते. आजार टळावा म्हणून त्यांनीं विश्वासानें दंड पुढें केला होता.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति सर लॉरेन्स जेंकिन्स. तेव्हां आरोपी शोधण्याकडे कल गेला यांत नवल तें काय! हाफकिन यांनीं कार्बॉलिक ॲसिडाऐवजीं उष्णतेनें लस निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारली होती. विष प्रयोगशाळेंतच शिरलें असा मंडळाचा ग्रह झाला आणि हाफकिन यांस पद सोडावें लागलें.

वास्तविक महत्त्वाची गोष्ट साक्षींतच होती. बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला. त्यानें तो जंतुनाशक द्रवांत नुसता बुडवला आणि त्यानेंच बूच काढलें. धनुर्वाताच्या जंतूंचीं बीजें मातींत असतात. अशा ओझरत्या स्नानानें तीं मरत नाहींत. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति दहा तज्ज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षीं ठपका दूर झाला. पण त्यांस परळ पुन्हा मिळालें नाहीं. ते कलकत्त्यास गेले. प्रयोगशाळेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं.

कोणाचा दोष, या एका प्रश्नांत जवळजवळ पांच वर्षें गेलीं. परंतु चिमटा हातांतून निसटणें हा कांहीं गुन्हा नव्हे. टोचून घेणाऱ्यांची रांग उभी असतां तो निसटणारच, आज ना उद्यां. विचारावयास हवें होतें तें असें: त्या वेळीं उकळलेला दुसरा चिमटा हाताशीं होता काय? आणि एका बाटलींत १९ जणांचें दैव कां बांधावें? सहायकास वा शास्त्रज्ञास कितीही शिक्षा केली, तरी पुढच्या गांवीं चिमटा पडायचा थांबत नाहीं.

आज आपल्याकडे गोवराची लस देतांना प्रत्येक बालकास एकदां वापरल्यावर आपोआप अडकणारी निराळी सुई-पिचकारी वापरतात. लस कालवली कीं परिचारिका कुपीवर वेळ लिहिते, आणि चार तासांनंतर उरलेली लस, ती कितीही चांगली दिसली तरी, टाकून देते.