उष्णतेचा जमाखर्च



अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ साली उभी राहिली. तिच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना यंत्रांचा सहवास नवा नाही. २०१२ च्या सुमारास तमिळनाडूत विजेचे तीव्र दुर्भिक्ष होते, तेव्हा कित्येक कारखान्यांची चाके डिझेल जनित्रांच्या बळावरच फिरत होती. महाराष्ट्राचे तर या इंजिनाशी जुने नाते आहे. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि पुढे गावोगावच्या विहिरींवर मोटेची जागा इंजिनाने घेतली. अशा या परिचित यंत्राच्या पोटात उष्णतेचा व्यवहार कसा चालतो, हे आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर झाले. आजच्या चांगल्या इंजिनात शंभरांपैकी ३५ ते ४० भाग कामी येतात. उरलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास धुराबरोबर निघून जातात आणि बाकीचे पाणी, वंगण व हवा यांच्या वाटेने.

या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सुमारे सोळा-सतरा पटींनी दाबतो, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ज्वाळेचे तापमान २००० अंशांपलीकडे जाते. बीड तर १२०० अंशांच्या आसपासच वितळते. मग बिडाचे सिलिंडर टिकते कसे? मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात मुख्य ज्वलन सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकेच टिकते. लगेच थंड हवा आत येते, आणि भिंतीपलीकडचे पाणी उष्णता अखंड वाहून नेत असते. या वाहतुकीवरच यंत्राचे आयुष्य अवलंबून आहे.

येथेच व्यवहारात दोन परस्परविरोधी चुका घडतात. पहिली, रेडिएटरमध्ये कूपनलिकेचे जड पाणी ओतण्याची. त्यातील क्षार भिंतीवर साचतात. केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर उष्णतेला पंचवीस मिलिमीटर बिडाइतका तरी अडवतो. पाणी कोमट दिसते, आणि आतील धातू मात्र भाजून निघतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. मद्रासच्या उन्हाळ्यात इंजिन जितके थंड तितके बरे, असे मानून थर्मोस्टॅट काढून टाकण्यात येतो. वास्तविक पाणी ८० अंशांच्या आसपास राहावे, अशीच इंजिनाची रचना असते. भिंती थंड राहिल्या की इंधन उशिरा पेटते व अपुरे जळते. न जळलेले तेल भिंतीवरील वंगण धुऊन नेते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. शिवाय कामी येऊ शकली असती ती उष्णता पाण्याला दान होते. तापू न देणे आणि निववून टाकणे यांत अंतर आहे.

हा हिशेब केवळ पैशाचा नाही. काळा धूर म्हणजे हवेशी नीट न मिसळलेले, अर्धवट जळलेले इंधन होय. कोंदलेली हवेची गाळणी, झिजलेला इंजेक्टर किंवा अतिभार ही त्याची नेहमीची कारणे. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर मानवाला कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांवर आणले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु शुद्ध इंधनही बिघडलेल्या इंजेक्टरमधून काजळीच ओकते. तो धूर प्रथम जातो जनित्राशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत.

म्हणून आमची विनंती एवढीच : इंजिनाला क्षारविरहित पाणी व योग्य शीतलक द्यावे, थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा, गाळणी व इंजेक्टर वेळेवर तपासावेत, आणि धुराचा रंग रोज पाहावा. जमाखर्चाची ही वही यंत्र स्वतःच लिहीत असते. ती वाचण्याचे काम आपले.