मुरमांसाठी डॉक्टरांकडे जाताना

आज आम्ही चेहऱ्यावरच्या मुरमांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या बचत गटाच्या मासिक सभेत हा विषय निघाला, तेव्हा आम्हीही हसलोच होतो. "वयात आल्यावर येतात, लग्न झालं की जातात," म्हणून विषय मिटवला होता.

आमच्या एका ताईंची मुलगी बारावीला होती. चेहरा मुरमांनी भरलेला. आमच्यातल्याच एकीनं तिला मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. पंधरा दिवसांत चेहरा साफ आणि उजळ झाला. ते बघून आणखी चौघींनी तीच ट्यूब आणली. पण चार महिन्यांनी तिचा चेहरा लाल पडला. ट्यूब एक दिवस चुकली तरी आग व्हायची, मुरूम पहिल्यापेक्षा जास्त. पोरगी तोंडाला ओढणी बांधून कॉलेजला जायची. मग जायचीच बंद झाली.

तेव्हा आम्ही दोघी-तिघी तिला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजवर काय काय लावलं?" ट्यूब घरी राहिलेली, नाव आठवेना. दुसऱ्या खेपेला ट्यूब नेली, तेव्हा कळलं की तिच्यात स्टेरॉइड होतं. अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केला आहे. तरी ती मिळतात, आणि आम्ही ती घेतली. चूक आमचीही होती.

म्हणून सांगतो, पहिल्यांदा जाताना एवढी तयारी करा.

एक पिशवी भरा. चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, पावडर, साबण, केसांचं तेल, गोळ्यांची पाकिटं त्यात टाका. ट्यूब रिकामी असली तरी न्या. लिंबू, टूथपेस्ट लावली असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आणि बरेच महिने लावलेली ट्यूब मनानं एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

वहीच्या एका पानावर लिहा: मुरूम कधीपासून आहेत, पाळीच्या आधी वाढतात का, पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, कोणतं औषध सोसत नाही, दुसरी कोणती औषधं चालू आहेत. पाळी पुढंमागं होत असेल आणि केसही येत असतील, तर कारण शरीरातल्या हार्मोन्समध्ये असू शकतं. मग तपासणी वेगळी लागते.

दिवस गेले असतील, राहण्याचा विचार असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. मोठ्या मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात. ती चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मुलीला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचं असेल, तर आयांनो, थोडा वेळ बाहेर बसा.

जाताना चेहरा साध्या पाण्यानं धुवा, पावडर लावू नका. मुरूम फार वाढलेल्या दिवशीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सरकारी दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते आधी विचारा. नाहीतर एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी, दोन्ही जातं.

निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: कोणतं औषध सकाळी, कोणतं रात्री? किती लावायचं? त्रास झाला तर काय करायचं? परत कधी यायचं? काही मलमांनी सुरुवातीला कातडी कोरडी पडते, सोलते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. आणि मुरूम फोडू नका, खड्डे राहतात.

आमच्या त्या मुलीचा चेहरा निवळायला बरेच महिने गेले. गालावर दोन-तीन खड्डे राहिलेत. पण ती पुन्हा कॉलेजला जाते, ओढणी खांद्यावर असते. आणि आमच्या गटाच्या वहीत एक ठराव लिहिलेला आहे, सगळ्यांच्या सह्यांनिशी: चिठ्ठीशिवाय कोणी कोणाला ट्यूब आणून द्यायची नाही.

तुमच्याही सभेत हा विषय काढा.