वॅटच्या आकड्यामागे

नवी गाडी दारात आली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, की आठवड्याभरात घरातला तरुण मुलगा तक्रार घेऊन येतो, ‘बाबा, कंपनीच्या स्पीकरला बासच नाही!’ तक्रार खरी असते. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. दरवाजातला सहा इंची स्पीकर तिथे पोचेपर्यंत हात टेकतो. इतक्या खालच्या सुरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि ते काम दहा-बारा इंची सबवूफरचं.

हा सबवूफर डॅशबोर्डवरच्या स्टिरिओला पेलत नाही. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं. पण बारा-चौदा व्होल्टवर चालणारा साधा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला सलग वीसएक वॅटच देऊ शकतो. सबवूफरचा ॲम्प्लिफायर बॅटरीचे व्होल्ट आधी आपल्या पोटात वाढवून घेतो, म्हणून त्याचा जोर जास्त. तो घेताना आकडा बघायचा तो आर.एम.एस. वॅटचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ म्हणून मिरवणारे हजार-दोन हजार वॅट सोडून द्या.

आता थोडा हिशेब. ५०० वॅट आर.एम.एस.चा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला ६२५ वॅट पुरवावे लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट मिळतात असं धरलं, तर पूर्ण जोरात वाजताना ४५ अँपिअर! घरातल्या मिक्सरला दोन-तीन अँपिअर पुरतात. म्हणूनच बॅटरीपासून डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत स्वतंत्र, जाड, शुद्ध तांब्याची वायर लागते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तितक्याच जाडीत ती जास्त तापते.

या वायरवर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. ॲम्प्लिफायरवर फ्यूज असतो, मग हा दुसरा कशाला, असं फिटर विचारतो. हा फ्यूज वायरसाठी असतो. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या धारेवर वायर सोलली गेली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटू शकते. वायर जिथून आत येते, त्या भोकात रबरी ग्रॉमेटही बसवून घ्या. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला घट्ट आवळा. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने, तर स्टिरिओकडून येणारी सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूने न्या. त्या शेजारी ठेवल्या, तर ॲक्सिलरेटर दाबताच गाण्यामागे शिट्टी चढत जाऊ शकते. अर्थिंग सैल असलं तरी हाच त्रास होतो.

वायरिंग झालं की जुळणी. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून बघा: खालचं सबवूफरला, वरचं दरवाजातल्या स्पीकरना. न झेपणारा बास अंगावरून उतरला, की तेच लहान स्पीकर मोकळे वाजतात. ‘गेन’ला अनेकजण आवाजाचं बटण समजून टोकाला फिरवतात. स्टिरिओचा सिग्नल ॲम्प्लिफायरशी जुळवणं एवढंच त्याचं काम. गेन फार वाढवला, की आवाज फाटतो आणि स्पीकर जळतात. इतकं करूनही बास पोकळ वाटला, तर स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी तपासा. एक स्पीकर उलटा जोडला गेला, की दोघे एकमेकांचा बास खाऊन टाकतात. दरवाजाचा पत्रा खडखडत असेल, तर आतून डॅम्पिंग शीट चिकटवून घ्या.

आणि काचा खाली करून हे सगळं गल्लीला ऐकवू नका. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. सबवूफर ती सहज ओलांडतो.

श्रोतेहो, पैसे मर्यादित असतील, तर सबवूफर एक नंबर लहान घ्या. वायर आणि फ्यूज मात्र चांगल्या दर्जाचे घ्या. दुकानात दोन प्रश्न विचारा: आर.एम.एस. वॅट किती, आणि बॅटरीजवळ फ्यूज कुठे बसवणार? सरळ उत्तर मिळाल्याशिवाय गाडीची किल्ली हातातून सोडू नका.